बाबांच्या 'हो हो'मुळे कार्डावर दर महिन्याला ९४.८५ डॉलर. आता काय करता येईल?

ओवी_एनजे | २१ फेब्रुवारी, रात्री १०:४०

मोठं लिहिणार आहे, आधीच सांगते. अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. बाबा (वय ७४, मूळ साताऱ्याचे) ऑक्टोबरपासून सहा महिन्यांसाठी आलेत. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, बाहेर बर्फ. टपालपेटीत जे पडेल ते वाचून काढणं हा बाबांचा दुपारचा उद्योग. पिझ्झाच्या कुपनांवरच्या बारीक अटीसुद्धा सोडत नाहीत.

नोव्हेंबरात घरगुती वस्तूंचा एक कॅटलॉग आला. लांब दांड्याचं शूहॉर्न, गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा, असलं सगळं. त्यात दिवा असलेलं भिंग बाबांना फार आवडलं. मी म्हटलं, घ्या की. माझं क्रेडिट कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि कामावर गेले. त्यांनी १८ नोव्हेंबरला फोन करून स्वतः ऑर्डर दिली. संध्याकाळी काय खूश होते! "पोरगी फार गोड बोलली गं फोनवर, माझं इंग्रजी सगळं कळलं तिला." भिंगाचे शिपिंगसकट ३१.९० लागले. त्याबद्दल तक्रार नाही, भिंग झकास आहे.

स्टेटमेंटवर त्याच दिवशी ४.९५ असा आणखी एक आकडा होता. मी तो पाहिलाच नाही. आमचं ऑटोपे आहे, पैसे आपोआप जातात, कोण बघतंय! मग १९ डिसेंबरला ७९.९०. १९ जानेवारीला ७९.९० आणि 'मेंबरशिप' म्हणून १४.९५. कंपनीचं नावही कॅटलॉगवरचं नाही, कुठलंतरी तीन अक्षरी नाव आणि पुढे 'एलएलसी' (इथला कंपनीचा एक प्रकार).

३० जानेवारीला कराचे कागद काढताना हे दिसलं आणि धस्स झालं. बँकेला फोन केला. बाईंनी विचारलं, "ही कंपनी ओळखता का?" मी नाही म्हटलं. खरंच ओळखत नव्हते. त्यांनी फ्रॉड म्हणून नोंदवलं, कार्ड बंद केलं, नवीन पाठवलं, पैसेही तात्पुरते जमा केले. मी निश्चिंत.

संध्याकाळी जेवताना बाबांना सहज विचारलं, तर ते उठून गेले आणि त्यांच्या कपाटातून चार बाटल्या घेऊन आले. गुडघेदुखीच्या गोळ्या. ओळीने लावून ठेवलेल्या, लेबलं समोर. दोन संपलेल्या, तिसरी अर्धी, चौथी सीलबंद. "अगं, त्या पोरीनेच पाठवल्या. फुकट आहेत म्हणाली." दर महिन्याला पाकीट येत होतं आणि त्यांना वाटत होतं, आपण चांगले बोललो म्हणून पाठवतायत!

दुसऱ्या दिवशी बाटलीवरच्या नंबरवर फोन करून मी सगळं रद्द केलं. त्यांनी रद्द केल्याचा नंबरही दिला, तो लिहून ठेवलाय. तरी परवा, १९ फेब्रुवारीला, नवीन कार्डावर ९४.८५ पडले. नवीन नंबर मी त्यांना दिलेला नाही, बाबांनी नाही, कोणीच नाही.

आणि काल बँकेचं पत्र आलं. फ्रॉडचा दावा फेटाळला, जमा केलेले पैसे परत काढून घेतले. कारण कंपनीने रेकॉर्डिंग पाठवलंय. मी ते मागवून ऐकलं. चाळीसेक सेकंदांचं आहे. ती मुलगी भरधाव काहीतरी बोलतेय, '३० डेज', 'ऑटोमॅटिकली', आणि मध्ये मध्ये बाबांचा आवाज: "येस... येस येस... ओके... थँक यू व्हेरी मच."

मला रडावं की हसावं कळेना. ते पहिले ४.९५ सोडले तरी एकूण २६९.६० डॉलर. पैशांपेक्षा बाबा दोन दिवस गप्प आहेत त्याचं वाईट वाटतंय. काही होऊ शकतं का?

---

चिंचगुळ | २१ फेब्रुवारी, रात्री ११:०२

अरेरे. बाटल्या ओळीने लावून ठेवल्या होत्या हे वाचून पोटात कालवलं. माझे सासरे अगदी असेच. सल्ला नाही गं माझ्याकडे, पण वाचतेय.

---

रोखठोक | २१ फेब्रुवारी, रात्री ११:३०

कटू वाटेल पण लिहितो. कार्ड तुम्ही दिलंत, बाबांनी हो म्हटलं, गोळ्या आल्या, त्यांनी खाल्ल्या. यात अनधिकृत काय आहे? स्टेटमेंट न वाचण्याची फी समजा आणि सोडून द्या.

---

ओवी_एनजे | २१ फेब्रुवारी, रात्री ११:५२

@रोखठोक, स्टेटमेंटचं मान्य. चूक माझीच.

पण 'हो म्हटलं' हे मान्य नाही. आपल्याकडे फोनवर माणूस हो हो म्हणतो म्हणजे 'ऐकतोय, बोला' म्हणतो. बाबा रेडिओवरच्या बातम्यांनाही हो हो म्हणतात. आत्याचा फोन आला की अर्धा तास "हो... हो... हो का... बरं बरं" एवढंच चालतं, आणि ठेवल्यावर विचारलं काय म्हणाली, तर "कुणास ठाऊक". समोरचा बोलत असताना गप्प बसणं त्यांना उद्धटपणा वाटतो. इंग्रजीत बोलतानाही तेच केलं, फक्त 'हो'चं 'येस' झालं.

---

कागदी_घोडा | २२ फेब्रुवारी, पहाटे ५:१५

शिकागोहून. बारा वर्षं कार्ड पेमेंटच्या धंद्यात आहे, त्यातली चार डिस्प्यूट खात्यात गेली. वकील नाही, त्यामुळे हे वकिली मत समजू नका.

ओवी, आधी कॅलेंडर काढ. बाकी सगळं नंतर. तुझं डिसेंबरचं स्टेटमेंट किती तारखेला निघालं? महिनाअखेरीचं धरतो, २८ डिसेंबर. अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या चुकीच्या बिलासाठी १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट आहे. त्यात चूक असलेलं पहिलं स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवसांत तुझी लेखी तक्रार बँकेकडे पोचावी लागते. पोस्टात टाकून भागत नाही, पोचली पाहिजे. २८ डिसेंबरपासून ६० दिवस म्हणजे २६ फेब्रुवारी. तुझ्याकडे चार दिवस आहेत, त्यात आज रविवार.

आणि फोनवर केलेली तक्रार या कायद्यात धरत नाहीत. बँका फोनवर दावा घेतात, पुष्कळदा पैसेही देतात, पण कायद्याचं कवच हवं तर पत्र लागतं. ते पत्रही बिल भरायच्या पत्त्यावर नाही. स्टेटमेंटच्या मागे बारीक अक्षरात 'बिलिंग इन्क्वायरीज'चा वेगळा पत्ता असतो, तिथे. निम्मे लोक इथेच चुकतात. चेक जिथे जातो तिथे पत्र पाठवतात आणि ते कुठल्यातरी मशीनमध्ये जाऊन पडतं.

आता मुख्य गोष्ट. तुझा दावा फेटाळला गेला तो खोटा होता म्हणून नव्हे, चुकीच्या खणात पडला म्हणून. बँकेच्या दृष्टीने फ्रॉड म्हणजे 'कार्डधारकाचा या व्यवहाराशी काहीच संबंध नाही, तिसऱ्याच कुणी नंबर वापरला'. व्हिसा या कार्ड कंपनीच्या भाषेत कारण क्रमांक १०.४. असा दावा आला की कंपनीला एवढंच दाखवायचं असतं की घरातल्या माणसानेच फोन केला, माल याच पत्त्यावर गेला. रेकॉर्डिंग आणि पार्सलची पावती जोडली की खेळ खलास. त्या बाईंनी 'कंपनी ओळखता का' विचारलं, तू खरं तेच सांगितलंस आणि त्यांनी चुकीच्या बटणावर टिचकी मारली.

तुझं प्रकरण दोन वेगळ्या खणांतलं आहे. फेब्रुवारीचे ९४.८५: हे तू ३१ जानेवारीला रद्द केल्यावर घेतले. ही 'रद्द केलेली आवर्ती वसुली', क्रमांक १३.२. रद्द केल्याचा नंबर आहे म्हणतेस, मग हे जवळजवळ तुझ्या खिशात आहेत. डिसेंबर आणि जानेवारीचे १७४.७५: इथे मुद्दा 'अटी लपवून विक्री', क्रमांक १३.५. पत्रात हे आकडे घालायची गरज नाही, पण वाक्यं तशी हवीत. 'मी हा व्यवहार केलाच नाही' असं चुकूनही लिहू नकोस. 'भिंगाची ऑर्डर आम्ही दिली, ती मान्य आहे. गोळ्यांच्या मासिक वसुलीला संमती दिलेली नाही' असं लिही. तोच जुना मुद्दा परत मांडलास तर बँकेला तो पुन्हा तपासायचं बंधन नाही. मुद्दा नवा आहे हे पहिल्या ओळीत दिसलं पाहिजे.

रेकॉर्डिंगबद्दल. फोनवरच्या विक्रीचे केंद्रीय नियम आहेत, टेलिमार्केटिंग सेल्स रूल, २००३ पासून बरेच कडक झालेले. गिऱ्हाइकाने एका वस्तूसाठी फोन केला आणि त्याच फोनवर दुसरी वस्तू गळ्यात मारली, तर ती दुसरी विक्री स्वतंत्र व्यवहार धरतात. ती 'आधी फुकट, मग पैसे' प्रकारची असेल आणि कार्डाचा नंबर आधीच हातात असेल, तर विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून त्या कार्डाचे निदान शेवटचे चार आकडे पुन्हा वदवून घ्यायचे असतात आणि संपूर्ण व्यवहाराचं रेकॉर्डिंग ठेवायचं असतं. तुझ्या चाळीस सेकंदांत बाबा चार आकडे म्हणतात का? नसतील म्हणत, तर पत्रात तेवढंच विचार: पूर्ण रेकॉर्डिंग कुठे आहे? हा नियम राबवणं बँकेचं काम नाही, पण संमतीचा पुरावा तोकडा आहे हे त्यातून दिसतं.

शिवाय व्हिसाने २०२० मध्ये फुकट चाचणीवाल्यांसाठी नियम केले. चाचणी संपून वसुली सुरू होण्याच्या निदान सात दिवस आधी गिऱ्हाइकाला कळवायचं. तुला ईमेल, मेसेज, पत्र, काही आलं होतं? नसेल तर तेही लिही.

नवीन कार्डावर पैसे कसे पडले, हे पुढच्या प्रतिसादात. चहा घेतो.

---

कागदी_घोडा | २२ फेब्रुवारी, पहाटे ५:४८

तर, कार्ड बदललं की जुने वसुलीवाले आपोआप सुटतात हा गोड गैरसमज आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडेही 'अपडेटर' नावाची सोय आहे. कार्डाचा नंबर किंवा मुदत बदलली की बँक ते कळवते आणि ज्यांच्याकडे जुना नंबर जतन केलेला आहे त्यांना नवा मिळतो. विजेचं बिल, विमा वगैरे थांबू नये म्हणून ही सोय. पण तिच्या पाठीवर बसून असले ठगही नव्या कार्डावर येतात. बँकेला स्पष्ट सांगावं लागतं की या व्यापाऱ्याची वसुली अडवा आणि माझं कार्ड अपडेटरमधून काढा. न विचारता ते करत नाहीत.

सीलबंद बाटली उघडू नका. पुढचं पाकीट आलं तर तेही उघडू नका. वर 'रिफ्यूज्ड' लिहून पोस्टमनकडे परत द्या, न उघडलेल्या पाकिटाला परतीचं टपाल लागत नाही.

आणि एक. आता कंपनीचा फोन येईल, 'अर्धे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या'. चार्जबॅकचं, म्हणजे बँकेने व्यापाऱ्याकडून पैसे परत ओढून घेण्याचं, प्रमाण वाढलं की त्यांच्या कार्ड घेण्यावरच गदा येते, म्हणून ते हे करतात. भुलू नकोस. घेतलेच तर 'उरलेल्यावरचा हक्क सोडलेला नाही' असं लेखी कळव.

---

लंडनची_माई | २२ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

वाचनखूण साठवली! आमच्याकडे इंग्लंडात याला कंटिन्युअस पेमेंट ऑथॉरिटी म्हणतात. डायरेक्ट डेबिटच्या, म्हणजे बँक खात्यातून परस्पर जाणाऱ्या बिलांच्या, यादीत हे दिसत नाही, म्हणून लोकांना पत्ताच लागत नाही. पण थांबवायचं असेल तर कंपनीच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. थेट बँकेला 'माझी संमती मागे घेतली' म्हटलं की बँकेने थांबवायलाच हवं, आणि त्यानंतर पैसे गेले तर ते बँकेने भरून द्यायचे. काही शाखांत अजूनही 'आधी कंपनीशी बोला' म्हणतात. म्हणू द्यावं आणि तिथेच बसून राहावं.

---

नाना_कराडकर | २२ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

आमच्या वेळी व्ही.पी. होती. मासिकात जाहिरात यायची, पोस्टकार्ड टाकायचं, पंधरा दिवसांनी पोस्टमन पार्सल घेऊन दारात. आधी पैसे मोजायचे, मग पार्सल हातात. उघडून बघतो म्हटलं की पोस्टमन म्हणायचा, "बघा की, पण आधी पैसे." मी १९७१ साली व्ही.पी.ने एक कॅमेरा मागवला होता. आला तो पत्र्याचा डबा, पुढे भोक आणि भोकाला काच. वडिलांनी तो दोन वर्षं देवळीत ठेवला होता, मला दिसत राहावा म्हणून. पण एक होतं. फसलो तरी एकदाच फसायचो. पोस्टमन दर महिन्याला येऊन खिशात हात घालत नव्हता.

---

चिंचगुळ | २२ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

नाना 😂 देवळीतला कॅमेरा!

---

सदाशिवपेठी | २२ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

धागा अमेरिकेचा आहे, तरी पुण्याहून चार ओळी. इथलेही बरेच वाचतात.

आपल्याकडे ओटीपी असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत अशी सगळ्यांची समजूत. देशातल्या वेबसाइटवर बऱ्याच अंशी खरी आहे. पण पुष्कळ परदेशी साइट नुसता नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे घेऊन पैसे कापतात, ओटीपी येतच नाही. माझ्या बायकोने परदेशातून विणकामाच्या सुया मागवल्या होत्या. सुया आल्या नाहीत, दोन महिन्यांनी त्याच कार्डावर रात्री तीन वाजता ओळीने तीन व्यवहार झाले. सकाळी सहाला मेसेज पाहिला, सव्वासहाला कार्ड बंद, साडेनऊला शाखेत लेखी अर्ज आणि त्यावर शिक्क्यासह पोच.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, अशा व्यवहाराची खबर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत दिली तर तुमच्यावर शून्य जबाबदारी. ४ ते ७ दिवसांत दिली तर साधं बचत खातं किंवा ५ लाखांपर्यंत मर्यादेचं क्रेडिट कार्ड असेल तर एका व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपये तुमच्या माथी. त्यानंतर बँकेचं जे धोरण असेल ते. खबर दिल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. ग्राहकाचीच चूक होती हे सिद्ध करणंही बँकेवर. मात्र ओटीपी किंवा पिन स्वतः कुणाला सांगितला असेल तर खबर देईपर्यंतचं नुकसान आपलंच.

काउंटरवरचा माणूस परिपत्रकाबद्दल कानावर हात ठेवतो. मी छापून नेलं होतं, खुणा करून. मग मॅनेजरसाहेब खुर्ची द्यायला लागले. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. उघड फसवणूक असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन, जितका लवकर तितकं बरं.

आणि ॲपमध्ये जाऊन कार्डाचा 'इंटरनॅशनल' खटका बंद करून ठेवा. आमच्या घरात तो आता बाथरूमच्या गिझरसारखा आहे. काम झालं की बंद.

---

रोखठोक | २२ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

घोडेमहाराजांचा प्रतिसाद उत्तम, माझं मत थोडं बदललं. पण एक प्रश्न राहतोच. डिसेंबरची बाटली खाल्ली ना? तिचेही पैसे परत मागणं कितपत बरोबर?

---

ओवी_एनजे | २२ फेब्रुवारी, दुपारी १:२५

@कागदी_घोडा, तुमचे पाय कुठे आहेत? स्टेटमेंटची तारीख २८ डिसेंबरच आहे! रेकॉर्डिंग पुन्हा तीनदा ऐकलं. चार आकडे नाहीत. सुरुवातही नाही, ती मुलगी वाक्याच्या मध्यापासून बोलायला लागते. ईमेल वगैरे काही नाही आलं.

@रोखठोक, गंमत म्हणजे बाबांचं तुमच्यासारखंच मत आहे. सकाळी पत्राचा मसुदा वाचून दाखवला तर म्हणाले, "मी खाल्ल्यात त्यांचे पैसे देऊन टाक. उगाच कुणाचं बुडवायचं नाही." मी म्हटलं बाबा, त्यांनी आपल्याला बुडवलंय! तर म्हणे, "त्यांचं त्यांच्यापाशी."

---

कागदी_घोडा | २२ फेब्रुवारी, दुपारी २:१०

बाबांना नमस्कार सांग. पण पत्रात पूर्ण रक्कम लिही. निम्मी मागितलीस तर निम्म्या वसुलीला संमती होती असा अर्थ निघतो आणि उरलेल्या निम्म्याचं टेकूच निघतं. निकाल लागल्यावर बाबांना चेक पाठवायचा असेल तर खुशाल पाठवू देत.

पत्रात नाव, खाते क्रमांक, प्रत्येक वसुलीची तारीख, रक्कम आणि कारण. एका पानात. तुमच्या भावना, बाबांचं वय, आईची आठवण, काही नको. वाचणाऱ्याकडे दिवसाला साठ पत्रं असतात. रेकॉर्डिंगचा शब्दशः उतारा आणि रद्द केल्याचा नंबर जोड. उद्या सोमवारी पोस्टाच्या एक्स्प्रेसने पाठव, सहीची पोच घेऊन. सर्टिफाइडला कधी चार दिवसही लागतात, तेवढे तुझ्याकडे नाहीत. चौकशी चालू असेपर्यंत वादातली रक्कम भरावी लागत नाही आणि बँक तुला थकबाकीदार म्हणून कळवू शकत नाही. मात्र बाकीचं बिल वेळेवर भर. आणि ते ऑटोपे जरा बंद करून बघ.

---

ओवी_एनजे | २४ फेब्रुवारी, रात्री ९:००

अपडेट. सोमवारी सकाळी एक्स्प्रेसने पत्र गेलं, आज दुपारी बँकेत सही होऊन पोच दिसली. दोन दिवस शिल्लक ठेवून! बँकेला फोन करून व्यापारी अडवायला सांगितलं. अपडेटर हा शब्द पहिल्या मुलाला माहीतच नव्हता, तिसऱ्या माणसाने केलं. राज्याच्या ग्राहक खात्याकडेही तक्रार टाकली.

उतारा लिहून काढायला बाबाच बसले, भिंग घेऊन. स्वतःचे 'येस' मोजले. अकरा निघाले.

---

सदाशिवपेठी | २५ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

अकरा! दक्षिणेचा आकडा झाला की.

---

ओवी_एनजे | ११ मार्च, रात्री १०:२०

घोडेमहाराज म्हणाले तसंच झालं. कंपनीचा फोन आला. फार गोड आवाज. बाबा दचकून माझ्याकडे बघायला लागले, तीच मुलगी की काय म्हणून. आधी ५० टक्के, मग ७०. मी म्हटलं, लेखी पाठवा. लेखी काही आलं नाही.

मार्चचं पाकीटही आलं होतं. बाबांनी स्वतः त्यावर 'रिफ्यूज्ड' लिहिलं, पोस्टमनची वाट बघत दारात उभे राहिले आणि त्याच्या हातात दिलं. पोस्टमन "यू गॉट इट, सर" म्हणाला, त्याचं फार कौतुक.

---

रानवाटा | १२ मार्च, सकाळी ७:५०

माझं अशाच प्रकारचं आहे पण डेबिट कार्डावर. हेच नियम लागतात का?

---

कागदी_घोडा | १२ मार्च, सकाळी ८:३५

नाही, आणि म्हणूनच कॅटलॉगवाल्यांना डेबिट कार्ड देऊ नये. डेबिटला १९७८ चा वेगळा कायदा आहे. कार्ड किंवा पिन हरवला, चोरीला गेला आणि कळल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत सांगितलं तर ५० डॉलरपर्यंत तुमचे, उशीर केला तर ५०० पर्यंत. स्टेटमेंटनंतर ६० दिवस गेले तर पुढच्या नुकसानाला मर्यादाच नाही. क्रेडिटमध्ये वाद चालतो तेव्हा पैसे बँकेचे अडकलेले असतात, डेबिटमध्ये तुमचे. ठरावीक वसुली थांबवायची असेल तर पुढच्या तारखेच्या निदान तीन कामकाजाचे दिवस आधी बँकेला कळवा. तारखांसकट वेगळा धागा काढा, इथे ओवीचं सांडायला नको.

---

ओवी_एनजे | २४ एप्रिल, रात्री ८:४५

मंडळी, निकाल लागला. बँकेचं पत्र आलं, पूर्ण २६९.६० जमा, कायमचे. कंपनीकडे पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं होतं, त्यांनी तेच चाळीस सेकंद परत पाठवले. फेब्रुवारीच्या वसुलीवर तर उत्तरच दिलं नाही.

बाबा गेल्या आठवड्यात साताऱ्याला परत गेले. भिंग घेऊन. चेकचं मी टाळत होते, पण जाताना माझ्या टेबलावर पाकिटात ८० डॉलर ठेवून गेलेत, वर चिठ्ठी: 'गोळ्यांचे'. कंपनीला पाठवणार नाहीये मी. पण खर्चही करवत नाहीत, ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

सगळ्यांचे, विशेषतः कागदी_घोडा यांचे, मनापासून आभार. बाबा आता फोनवर कुणालाही 'नो, थँक यू' म्हणतात. दातांच्या डॉक्टरांकडून अपॉइंटमेंटची आठवण करायला फोन आला होता, त्यांनाही म्हणाले. परत वेळ घ्यावी लागली.

---

रोखठोक | २४ एप्रिल, रात्री ९:३०

अभिनंदन. माझे शब्द मागे. एक विचारू का? गुडघ्यांचं काय झालं?

---

ओवी_एनजे | २४ एप्रिल, रात्री ९:४१

विचारू नका. विमानतळावर सांगत होते, दुसऱ्या बाटलीपासून जरा फरक वाटायला लागला होता म्हणून.